गोराईला देव नेले तेव्हाचं सामान

पाणी सासूबाईंच्या छातीला लागलं तेव्हा त्या मला ओरडून म्हणाल्या, "शिवा नको! माका शिवा नको!"

त्या गोराईच्या वाळूत कमरेपर्यंत पुरलेल्या होत्या. पुरलं आम्हीच होतं, सकाळी, औषध म्हणून. आता समुद्र वर आला होता. त्यांनी एक गोणपाटाचं पार्सल दोन्ही हातांनी छातीशी कवटाळलं होतं आणि त्या पार्सलमध्ये आमच्या घरचे देव होते. मी त्यांच्यापासून पाच हातांवर उभी होते, धडधाकट, अठरा वर्षांची, आणि त्या दिवशी मला कशालाही हात लावायची मुभा नव्हती. लाट आली की सासूबाई तोंड मिटून घेत. लाट गेली की तोंड उघडून पुन्हा तेच सांगत, मला शिवू नको.

हे सगळं सामान बांधण्यावरून झालं.

आम्ही तेव्हा बोरिवलीला राहत होतो. सन पन्नासनंतरची गोष्ट, माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलेलं. दोन खोल्या, मागे विहीर, पुढे भाताची शेतं. घरात सासू, सासरे, नवरा आणि मी. मूळचे आम्ही कोकणातले. कोकणातले म्हटलं की लोकांना वाटतं, ही माणसं पोहतच जन्माला आली असणार. आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी. तिथे समुद्राचा आवाजसुद्धा येत नाही. मुंबईला येताना बोटीत बसलो तेवढीच आमची आणि समुद्राची ओळख, आणि तेव्हाही सगळे आडवे पडून ओकत होतो.

सासरे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, नीट बांधणारी आणि ढिली बांधणारी. शेजारी लोणच्याची बरणी द्यायची असली तरी ते तिला सुतळी बांधत. लोक सोडता सोडता कंटाळत आणि लोणचं नको म्हणत.

सासूबाईंचे गुडघे दुखत. उठताना ओरडत, बसताना ओरडत, मधल्या वेळात माझ्यावर ओरडत. स्टेशनजवळ एक वैद्य होता. त्यानं तेल दिलं आणि सांगितलं, "हे गुडघ्यांना लावा आणि एक दिवस समुद्राच्या तापलेल्या वाळूत कमरेपर्यंत बसवा. वाळू वर ओली नको आणि आत कोरडी नको." म्हणजे कशी, ते आमच्यापैकी कोणाला कळलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. सासऱ्यांच्या सुट्टीच्या दिवशी चैत्रातली पौर्णिमा आली. दिवस चांगला आहे म्हणून त्यांनी तोच ठरवला. पौर्णिमेला समुद्राला काय होतं, हे पंचांगात लिहिलेलं नव्हतं.

अडचण देवांची होती. आमच्याकडे चांदीचे टाक होते, म्हणजे पत्र्यावर ठोकून उठवलेले देव, आणि एक पितळी बाळकृष्ण. सासूबाईंनी गाव सोडताना दुसरं काही आणलं नव्हतं. हे देव त्यांनी बोटीत ओटीत बांधून आणले होते. ओकत होत्या तेव्हाही एक हात ओटीवर होता. लग्न होऊन घरात आल्यापासून देवांना एक दिवसही त्यांनी उपाशी ठेवलं नव्हतं. आम्ही सगळे दिवसभर बाहेर, मग नैवेद्य कोण दाखवणार? शेजारीण दाखवायची, पण तिच्या घरात बाळंतीण होती, सोयर होतं. सासूबाई म्हणाल्या, "देव आमच्यावांगडा येतले." म्हणजे आमच्याबरोबर येणार. विषय संपला.

आदल्या दिवशी दुपारी सासरे सामान बांधायला बसले. त्यांनी ऑफिसातून गोणपाट, सुतळी आणि दाभण आणलं होतं. मी एक पिशवी काढली होती. ती त्यांनी दोन बोटांत धरून बाजूला ठेवली.

"याला तळ आहे का? याला तोंड आहे का? ही काय बांधणी झाली?"

"बाबा, एका दिवसाला तर जायचंय," मी म्हटलं.

"माल एका दिवसातच फुटतो."

त्यांची रीत अशी होती की सगळं सामान एका नगात आलं पाहिजे आणि आत कुठेही पोकळी राहता कामा नये. पोकळी राहिली की माल हलतो, हलला की फुटतो. मोठ्या पातेल्यात स्टो ठेवला. स्टोच्या बाजूला रॉकेलची बाटली. मग घावण्यांचा डबा, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, टॉवेल, तेलाची बाटली. जिथे जिथे पोकळी दिसेल तिथे कपडा कोंबायचा. मी माझ्यासाठी जुन्या लुगड्याच्या घड्या करून ठेवल्या होत्या, बाईमाणसाला लागतात तशा. त्यांनी काही न विचारता त्या स्टोभोवती कोंबल्या. सुनेनं सासऱ्याला काय सांगायचं? 

"तेलाची बाटली तेवढी बाहेर राहू द्या," मी म्हटलं. "तिथे गेल्यावर लगेच लागेल."

"सुटी वस्तू हरवते."

"छत्री?"

"छत्री सगळ्यात आधी हरवते."

छत्री मधोमध गेली, मांडवाच्या मेढीसारखी. पाण्याचा तांब्या तेवढा सुटा राहिला. पाण्याला टाके घालता येत नाहीत, नाहीतर त्यांनी घातले असते.

सासूबाई दारात बसून पाहत होत्या. "देव वर ठेवा. देवांच्या डोक्यार स्टो ठेवल्यात तर घरात जेवाण मिळूचा नाय."

मग देव एका पितळी डब्यात तांदूळ भरून त्यात खोचले. तांदूळ नैवेद्यालाही होतील आणि देव खुळखुळणार नाहीत. त्या डब्याचं झाकण इतकं घट्ट होतं की ते उघडायला घरात दोन माणसं लागत. डबा सगळ्यात वर ठेवला. सासऱ्यांनी गोणपाटाचं तोंड ओढून टाके घालायला घेतलं. अर्ध्यावर आल्यावर त्यांना सुरी दिसली. सुतळी कापायला घेतलेली, शेजारीच पडलेली. म्हणाले, "ही राहिली होती," आणि ती फटीतून आत सारली. मग उरलेले टाके घातले आणि शेवटची सुतळी दातांनी तोडली.

त्यांनी सुतळी दातांनी तोडली तेव्हाच मला समजायला हवं होतं. नवऱ्यालाही समजायला हवं होतं. तो शेजारी बसून पेरू खात होता.

वर काळ्या शाईनं ठळक अक्षरांत लिहिलं: 'जपून'. एका बाजूला बाण काढून लिहिलं: 'ही बाजू वर'. खाली लिहिलं: 'पाठवणार बोरिवली, घेणार बोरिवली.'

नवरा म्हणाला, "बोरिवलीहून बोरिवलीलाच? मग जायचं कशाला?"

"हरवलं तर परत कुठे यायचं ते त्याला कळायला नको?" सासरे म्हणाले.

सकाळी नवऱ्यानं आणि सासऱ्यांनी पार्सलच्या दोरीत बांबू घालून ते दोघांच्या खांद्यांवर घेतलं. टांग्यानं खाडीपर्यंत गेलो, तिथून होडी. होडीवाला पार्सलकडे बघून म्हणाला, "आत कोण हाय?"

"देव," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं कपाळाला हात लावला आणि मधल्या फळीवर बसलेल्या दोघांना उठवून पार्सलला जागा दिली. सासूबाई गुडघे धरून उभ्याच होत्या. त्यांना उठून कोणी जागा दिली नाही.

गोराईला पोचलो तेव्हा समुद्र दूर गेलेला होता. मधे नुसती वाळू. एवढी जागा आहे म्हणून सासऱ्यांना फार आनंद झाला. त्यांनी जागोजागी हात घालून बघितलं. वर सुरूच्या झाडांपाशी वाळू आत कोरडी होती, खाली वरसुद्धा ओली होती. दोन्हींच्या मधे वैद्यानं सांगितली तशी सापडली. आम्ही खड्डा केला, सासूबाईंना पाय लांब करून त्यात बसवलं आणि वाळू लोटली. सासरे वरून थापत होते.

"पोकळी ठेवू नका. इथे थोडी घाला. हां, आता दाबा."

बायकोलासुद्धा त्यांनी पार्सलसारखंच बांधलं. थापून थापून वाळूचं जोतं झालं. सासूबाईंनी पाय हलवून बघितले. हलले नाहीत. "ऊब बरी लागता," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात तिथलीच एक बाई डोक्यावर टोपली घेऊन किनाऱ्यानं चालली होती. गळ्यात क्रूस, लुगडं वर खोचलेलं. थांबली आणि आमच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "काय गो बाय, सासूला पुरतंस काय? जिती हाय ना अजून?"

"गुडघ्यांना औषध आहे," मी म्हटलं.

"मग सगलीच पुर की. डोकां दुखत नाय काय तिचा?"

सासूबाई खालून म्हणाल्या, "माजा डोक्या ह्या सुनेमुळे दुखता." ती बाई हसत पुढे गेली. मला ती आवडली.

मग सासरे म्हणाले, "आता तेल लावा."

मी म्हटलं, "तेल पार्सलात आहे. आणि गुडघे वाळूत आहेत."

गुडघे आधी पुरले आणि तेल मागाहून आठवलं, हे त्यांनी कबूल केलं नाही. म्हणाले, "निदान छत्री धरा. ऊन लागतंय तिला."

छत्री पार्सलात होती. टॉवेल पार्सलात होता. घावणे पार्सलात होते आणि आम्ही पहाटेपासून उपाशी होतो. पार्सल उघडायला सुरी हवी, आणि सुरी पार्सलात होती.

नवऱ्यानं एक शिंपला घेऊन सुतळीवर घासायला सुरुवात केली. सासऱ्यांनी त्याच्या हातातून शिंपला काढून घेतला. "माझी शिवण आजवर कुठल्याही स्टेशनवर उसवली नाही. ओरबाडून उघडायची नाही. पातं हवं. गावातून कोयता आणू."

"तुम्ही थांबा, मी आणतो," नवरा म्हणाला.

पण सासरे कुठलंही काम दुसऱ्याला एकट्यानं करू देत नसत आणि स्वतःही एकट्यानं करत नसत. नंतर चूक कोणाची म्हणायला माणूस लागे. दोघेही गेले. जाताना पार्सल सासूबाईंच्या पाठीमागे टेकायला ठेवलं. सासूबाई उठून कुठे जाणार नव्हत्या, म्हणून सामानावर लक्ष ठेवायला त्याच सगळ्यात भरवशाच्या, असं सासरे म्हणाले.

थोड्या वेळानं मला कळलं की माझी पाळी आली आहे. वेळ नव्हती तिची, पण आली. घड्या पार्सलात होत्या, स्टोभोवती. मी सासूबाईंना सांगितलं, कारण तेव्हा सांगावंच लागे. लपवलं असतं तर पार्सलाशी, म्हणजे देवांशी, शिवाशिव झाली असती.

त्यांनी आधी पार्सलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजच होऊचा होता? जा, थय बस. लांब."

मी खालच्या अंगाला, समुद्राच्या बाजूला जाऊन बसले. वरच्या बाजूला बसले असते तर त्या म्हणाल्या असत्या, वारा देवांकडे येतो. तिथे मी पदर डोक्यावर घेऊन बसले. भूक लागली होती. पोट दुखत होतं. समोर समुद्र चकाकत होता आणि मला वाटलं की तो मघापेक्षा जवळ आहे. मग वाटलं की उन्हामुळे वाटत असेल. मग माझं बूड भिजलं.

मी उठून ओरडले, "आई, पाणी येतंय!"

"येतला तसा जातला."

"हे जाणारं दिसत नाही."

पाणी माझ्याशेजारून निघून त्यांच्या जोत्यापर्यंत गेलं आणि मागे आलं. दुसऱ्यांदा जोत्यावरून गेलं. पार्सल त्यांच्या पाठीमागे हललं. त्यांनी अंग पिळून मागे हात घातला, ते ओढून पुढे घेतलं आणि मिठी मारली. मग पाय ओढायला बघितले. सासऱ्यांनी पोकळी ठेवली नव्हती, त्यात आता पाणी मुरलं. सिमेंटसारखं झालं होतं.

माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. गावात धावत जाऊन नवऱ्याला आणायचं, किंवा इथे काहीतरी करायचं. गाव लांब होतं आणि समुद्र जवळ होता. मी पुढे झाले, तेव्हा त्या ओरडल्या, ते मी आधी सांगितलंच आहे.

"आई, तुम्हाला धरल्याशिवाय कशी काढू?"

"माझ्या हातात देव आसत. तू माका शिवलस की मी देवांक शिवलय."

"मग पार्सल सोडा."

"सोडून खंय ठेवू? वाहान जाईत."

"माझ्याकडे द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नुसतं. मीही समजले, काय मूर्खासारखं बोलले ते.

"बरं, वाळू उपसू का? वाळूला शिवले तर चालेल?"

लाट आली. त्यांनी तोंड मिटलं. लाट गेली. त्यांनी विचार करून विचारलं, "वाळू माका लागलेली आसा मां?"

"तुम्हाला लागलेली ठेवते. तिच्या बाहेरची काढते."

"बाहेरची काढ. माका लागलेली ऱ्हवांदे."

मी गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू उपसायला लागले. एक ओंजळ काढली की लाट दोन ओंजळी आणून टाकत होती. मी म्हटलं, "आई, हे पाणी मलाही लागतंय आणि तुम्हालाही लागतंय. मग विटाळ झालाच ना?"

"व्हात्या पाण्याक विटाळ नसता."

"मग वाहत्या पाण्यात मी तुम्हाला धरलं तर?"

"तू पाणी आसस काय?"

पाणी गळ्याशी येत होतं आणि आमचा वाद संपत नव्हता. आज कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं. पण त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाला जे पाठ असतं तेच तो म्हणतो. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. हात पार्सलावर असे रुतले होते की नखं पांढरी झाली होती. त्यांना बुडायची भीती नव्हती, देव सुटायची भीती होती. देव समुद्रात गेले म्हणजे विसर्जन झालं, आणि घरच्या देवांचं विसर्जन झालं की घर संपलं. हे त्या मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात सांगून चुकल्या होत्या.

तेवढ्यात ती टोपलीवाली परत येताना दिसली. मी हात हलवला. तिनं टोपली वर कोरड्यात ठेवली आणि तशीच पाण्यात शिरली.

"आगो माजे आये! हिला अजून काडली नाय?"

"पार्सल धरून बसल्यात. आत देव आहेत. मी बाजूला बसलेली आहे, मला शिवता येत नाही."

ती समजली. तिच्याही गावात सुना होत्या. सासूबाईंना म्हणाली, "आण म्हातारे, माज्याकडं दे. मी धरतंय."

सासूबाईंनी तिच्या गळ्यातल्या क्रूसाकडे बघितलं आणि मान हलवली.

"नको? बरां नको," ती म्हणाली. "आमचा देव पान्यावरनां चालला होता बघ. तुमचं जरा भिजलं तर काय मरतान काय?"

एवढं ऐकून सासूबाईंनी तिच्याशी भांडण काढलं. गळ्यापर्यंत पाण्यात असताना. मी मधे बोलणार, एवढ्यात माझं लक्ष पार्सलाकडे गेलं. शाई फुटली होती, पण अक्षरं वाचता येत होती. मी चौथी शिकलेली आहे. 'ही बाजू वर' हे उलटं दिसत होतं आणि बाण खाली, समुद्राच्या तळाकडे होता.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही देव उलटे धरलेत."

त्या भांडण सोडून माझ्याकडे वळल्या. "खोटा बोलतस."

"बाण खाली आहे. देव खाली डोकं वर पाय आहेत. आणि वर स्टो आहे."

त्यांनी वाचता येत नसूनही खाली बघितलं. मग मिठी सैल करून पार्सल फिरवायला गेल्या. तेवढ्यात लाट आली. पार्सल त्यांच्या हातातून सुटलं, त्यातल्या डब्यांमुळे तरंगलं, गोल फिरलं, बाण वर आला, आणि ते सरळ माझ्याकडे येऊन माझ्या पोटाला लागलं. मी हातही पुढे केला नव्हता. मागे मात्र मी गेले नाही.

सासूबाईंनी एवढी मोठी किंकाळी फोडली की सुरूतले कावळे उडाले.

मी पार्सल उचललं, वर कोरड्या वाळूत नेऊन ठेवलं, बाण वर करून ठेवलं, आणि परत आले. आता त्यांच्या हातात देव नव्हते. मी एका काखेत हात घातला, त्या बाईनं दुसऱ्या. लाट आली की वाळू सैल होई, तेव्हाच ओढायचं, असं तिनं सांगितलं. दोन लाटा फुकट गेल्या. तिसरीला सासूबाई मुळा उपटावा तशा निघाल्या आणि आम्ही तिघीही पाण्यात आडव्या पडलो.

बाहेर येऊन त्या पार्सलाजवळ बसल्या आणि रडल्या. रडून झाल्यावर मला म्हणाल्या, "शिवलस तू देवांक."

"मी नाही शिवले," मी म्हटलं. "मी उभी होते. देव मला येऊन शिवले. तुम्ही बघितलंत."

ती बाई लुगडं पिळत होती. म्हणाली, "खरां हाय. मी पन बघितला. ही जागची हलली नाय."

सासूबाई पार्सलावरची वाळू झटकू लागल्या. देवांनी आपण होऊन काही केलं तर त्याला काय म्हणायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

मग सासरे आणि नवरा कोयता घेऊन आले. समोर तीन ओल्या बायका, जोत्याच्या जागी समुद्र. नवरा धावत आईकडे गेला. सासरे पार्सलाकडे गेले. चारी बाजूंनी फिरून त्यांनी टाके तपासले आणि म्हणाले, "एक टाका उसवला नाही."

त्या बाईनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "आता ह्यालाच पुर," ती मला म्हणाली.

कोयत्यानं तोंड उघडलं. आतली रॉकेलची बाटली फुटली होती. घावण्यांना रॉकेल, टॉवेलला रॉकेल, माझ्या घड्यांना रॉकेल. तेलाची बाटली धड होती. सुरी कपड्यांत गुंडाळलेली सापडली. पितळी डबा निघाला. नवऱ्यानं आणि सासऱ्यांनी दोन बाजूंनी धरून झाकण ओढलं. आत तांदूळ कोरडे होते. सासूबाईंनी तांदळात बोटं घालून देव एक एक करून बाहेर काढले, पदराला हात पुसून प्रत्येकाला उन्हात धरलं आणि तोंडातल्या तोंडात मोजले. सगळे होते. कोरडे.

बांधणी चांगलीच होती, हे मी नाकारत नाही. माणसं उपाशी राहिली, भिजली, बुडता बुडता वाचली, पण देवांना पाण्याचा थेंब लागला नाही.

तांदूळ शिजवायला रॉकेल उरलं नव्हतं, आणि नैवेद्याला दुसरं काही नव्हतं. त्या बाईनं कोयता घेऊन जाऊन कोणाच्या तरी माडाचं शहाळं आणलं. सासूबाईंनी तिच्याकडे आणि शहाळ्याकडे पाहिलं. दुपार टळत होती, देव उपाशी होते. त्यांनी ते घेतलं आणि नैवेद्य दाखवला. मी लांब बसले होते, मला कोणी सांगितलं नव्हतं तरी. नैवेद्य झाल्यावर त्यांनी शहाळ्यातलं पाणी तांब्यात ओतून आधी त्या बाईला दिलं, मग मला दिलं. तांब्या जमिनीवर ठेवून मी उचलायचा, अशी रीत होती. त्यांनी हातात दिला. 

यावरून कोणी असं समजू नये की घरात काही बदललं. पुढच्या महिन्यात मी पुन्हा खोलीच्या कोपऱ्यात बसले. गोराईला चाललं मग इथे का नाही, असं शेजारणीनं विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "समुद्रार चलता. बोरिवलीत समुद्र नाय."

परत जाताना होडीत पार्सल नव्हतं. गोणपाट फाडलेलं होतं, सासऱ्यांना पुन्हा टाके घालायला सुतळी उरली नव्हती. सामान सगळ्यांच्या हातांत सुटं होतं आणि देव सासूबाईंच्या ओटीत. छत्री होडीत विसरली. सासरे रस्ताभर म्हणत होते, बघा, सुटी वस्तू.

आता नातवंडं समुद्रावर जायला निघाली की मोठ्या पिशव्या भरतात. मी एवढंच सांगते, पिशवी उघडायला जे लागतं ते पिशवीत ठेवू नका. त्यांना त्यात काय कळतंय? चेन ओढली की उघडते म्हणतात.

वैद्याच्या औषधाचा काही उपयोग झाला नाही. तो म्हणाला, वाळू आत कोरडी असणार.

त्या दिवशी बुडालं कोणी नाही. सासरे त्यानंतर नोकरीतून सुटेपर्यंत पार्सलं बांधत होते. सासूबाई माझे दोन मुलगे मोठे होईपर्यंत जगल्या आणि गुडघे शेवटपर्यंत दुखत राहिले. नवरा त्यांच्या मागून गेला. त्या गोराईच्या बाईचं काय झालं मला माहीत नाही. मी आहे, आणि देव आहेत.